होहेनश्टाउफेन: किल्ला जळला १५२५ मध्ये, नाहीसा झाला त्यानंतर

डोंगरवाटा (धागाकर्ता)

ज्या घराण्याने युरोपला फ्रेडरिक बार्बारोसा आणि त्याचा नातू दुसरा फ्रेडरिक असे दोन सम्राट दिले, त्या घराण्याचं नाव ज्या किल्ल्यावरून पडलं तो किल्ला आज जागेवर नाही. डोंगर आहे, त्याच्या माथ्यावर गवत आहे आणि गवतात पायाच्या बुटक्या भिंती आहेत. त्याही १९३० च्या दशकातल्या उत्खननात उघड्या पडल्या आणि नंतर डागडुजी करून उभ्या ठेवल्या. किल्ला बघायला म्हणून आलेला माणूस वर पोचतो, चहूबाजूला बघतो आणि विचारतो, "किल्ला कुठाय?"

हा धागा त्याच प्रश्नासाठी काढला आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. जर्मनीच्या नैऋत्येला स्टुटगार्ट आणि उल्म यांच्या दरम्यान ग्योपिंगन नावाचं शहर आहे. त्याच्या उत्तरेला तीन सुटे डोंगर ओळीने दिसतात: होहेनश्टाउफेन (६८४ मीटर), रेशबेर्ग आणि श्टुइफेन. शेजारची श्वेबिश आल्बची रांग लाखो वर्षं झिजत मागे सरकली आणि चुनखडीची कठीण टोपी डोक्यावर असलेले हे तुकडे पुढे एकटे उरले. होहेनश्टाउफेन त्यात सगळ्यात देखणा. चारी बाजूंनी उतार, माथा लांबट, आणि वरून दिसणारा मुलूख असा की इथे किल्ला कुणी बांधला नसता तरच नवल.

तो बांधला बार्बारोसाच्या आजोबांनी, म्हणजे श्वाबियाच्या (नैऋत्य जर्मनीतला तेव्हाचा प्रांत) पहिल्या फ्रेडरिकने, अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात. १०७९ मध्ये राजा चौथ्या हेन्रीने त्याला श्वाबियाचा ड्यूक केलं आणि आपली मुलगी आग्नेस त्याला दिली. ११३८ मध्ये या घराण्यातला कोनराड राजा झाला, ११५२ मध्ये बार्बारोसा. १२६८ मध्ये सोळा वर्षांच्या कोनराडिनचा नेपल्समध्ये शिरच्छेद झाला आणि वंश संपला. किल्ला मात्र पुढे अडीचशे वर्षं हातोहात फिरत राहिला. १५२५ च्या शेतकरी उठावात तो जाळला गेला.

बहुतेक माहितीफलक, पुस्तिका आणि प्रवासवर्णनं इथेच थांबतात. उठाव झाला, आग लागली, किल्ला गेला. मला हे अजिबात पटत नाही. आगीत छपरं जातात, लाकडी मजले जातात, दारं-खिडक्या जातात. दगडी भिंत आगीत अदृश्य होत नाही. १५८८ मध्ये ट्युबिंगनचे प्राध्यापक मार्टिन क्रुसिउस इथे आले तेव्हा त्यांना वर्णन करण्याजोगे अवशेष दिसले होते. म्हणजे आगीनंतर साठेक वर्षांनीही वर काहीतरी उभं होतं, आणि तेसुद्धा दगड काढायला सुरुवात झाल्यानंतर. कारण मधल्या काळात, १५५० ते १५६८ या आपल्या कारकिर्दीत, व्युर्टेंबर्गच्या ड्यूक क्रिस्टोफने खाली ग्योपिंगनमध्ये नवा राजवाडा बांधला आणि त्यासाठी या किल्ल्याचे दगड नेले.

तो राजवाडा आजही उभा आहे. म्हणून माझं म्हणणं असं की होहेनश्टाउफेनचा किल्ला नष्ट झालेला नाही, त्याचा बराच भाग डोंगरावरून उतरून शहरात राहायला गेला. तो बघायचा तर नजर माथ्यावरून काढून पायथ्याच्या भिंतींवर टाकावी लागते. नाहीशा झालेल्या कुठल्याही किल्ल्याला हे लागू पडतं असं मला वाटतं. तुमची मतं, अनुभव जरूर लिहा.

गवतफुला

छान धागा. एक शंका. ड्यूकला तो किल्ला पुन्हा का बांधावासा वाटला नाही? एवढं मोठं नाव, सम्राटांचं मूळ ठाणं. ते खणून काढताना काहीच वाटलं नसेल का?

डोंगरवाटा

गवतफुला, सोळाव्या शतकापर्यंत तोफांपुढे असल्या उंच सडपातळ भिंतींचा उपयोग उरला नव्हता. शिवाय राज्यकर्त्यांना आता डोंगरावर राहायचं नव्हतं. पाणी, सरपण, धान्य सगळं वर चढवायचं, हिवाळ्यात वारा झोंबायचा. त्यांना शहरात, बागेला लागून, मोठ्या खिडक्यांचा वाडा हवा होता. आणि श्टाउफर घराणं, म्हणजे हेच होहेनश्टाउफेन घराणं, व्युर्टेंबर्गच्या ड्यूकचं पूर्वज नव्हतं. त्यांच्या स्मृतीला आजच्यासारखं राष्ट्रीय वलय नव्हतं, ते एकोणिसाव्या शतकात आलं.

आणखी एक. सम्राटांचं 'मूळ ठाणं' म्हणताना जपायला हवं. त्या काळचे राजे एका जागी राहत नसत, दरबार घेऊन सतत फिरत. बार्बारोसा या किल्ल्यात राहिल्याचा कागदोपत्री पुरावा फक्त एका वेळचा आहे, ११८१ चा. खालच्या गावातल्या चर्चमध्ये एक बुजवलेलं दार आहे, सम्राट इथून जात असे असा त्यावर लॅटिन लेख आहे. ती आख्यायिका. गावाने ती प्रेमाने जपली आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

माझ्या मनात या किल्ल्याशी कायमची जोडली गेलेली व्यक्ती मात्र वेगळीच आहे. इरेने. बायझँटाइन सम्राटाची मुलगी, श्वाबियाच्या फिलिपची राणी. २१ जून १२०८ ला फिलिपचा बामबेर्गमध्ये खून झाला. ती गरोदर होती. ती या डोंगरावर आली आणि २७ ऑगस्टला इथेच बाळंतपणात गेली. लोर्शच्या मठात तिला पुरलं. कॉन्स्टँटिनोपलच्या राजवाड्यात वाढलेली बाई या माथ्यावर शेवटचे दिवस काढते, हे आठवलं की त्या बुटक्या भिंतींमधून चालताना पाय आपोआप हळू पडतात.

चुनखडी

जुन्या दगडी बांधकामांच्या दुरुस्तीत बरीच वर्षं काम करतोय, म्हणून लिहितो. धागाकर्त्यांचा मुद्दा बरोबर आहे. त्यामागे बांधकामाचं साधं गणित आहे.

मध्ययुगीन किल्ल्याची जाड भिंत सबंध घडीव दगडाची नसते. बाहेर एक थर, आत एक थर घडीव चिऱ्यांचा, आणि मधे चुन्यात कालवलेला ओबडधोबड दगडांचा भराव. छप्पर जळालं की पाणी वरून थेट या भरावात शिरतं. थंड मुलखात ते गोठतं, फुगतं आणि बाहेरचा थर सुटायला लागतो. पण ही प्रक्रिया फार संथ. शतकं लागतात. माणूस आला की तेच काम काही महिन्यांत होतं.

माणूस आधी घडीव चिरे नेतो, कारण खाणीतून दगड काढून घडवायला जो खर्च येतो तो त्यात आधीच झालेला असतो. कोपऱ्याचे, कमानीचे, खिडकीच्या चौकटीचे सगळ्यात आधी जातात. मग उरतो नुसता भराव, आणि आधार गेल्यावर तो ढासळून ढीग होतो. पुढे तोही रस्त्याच्या भरावाला, बांधाला जातो. चुनखडीचा दगड असेल तर भट्टीत जाऊन त्याचा चुना होतो. शेवटी पायातले दगडही उकरतात. पाया काढून नेला की जमिनीत लांबट चर राहतो आणि त्यात टाकाऊ चुना, खापऱ्या, माती भरली जाते. उत्खनन करणाऱ्यांना मग भिंत सापडत नाही, भिंतीच्या आकाराची भुसभुशीत पट्टी सापडते. ती मापून नकाशा काढला तर खोल्यान् खोल्या कळतात. मला स्वतःला उभ्या भिंतीपेक्षा अशी पट्टी वाचण्यात जास्त आनंद होतो.

आगीची खूण ओळखायची असेल तर दगडाचा रंग बघा. लोहाचा अंश असलेला चुनखडीचा दगड साधारण ३०० अंशांच्या आसपास तापला की गुलाबी-लालसर होतो आणि तो रंग परत जात नाही. जुन्या चुन्याचा गड्डा हातात आला तर त्यात पांढरे ठिपके आणि कोळशाचे बारीक कण दिसतात. ठिपके नीट न विरघळलेल्या चुन्याचे, कण भट्टीतल्या लाकडाचे. त्या कोळशावरून प्रयोगशाळेत काळ काढता येतो. अर्थात गड्डा जागेवरच राहू द्यायचा!

सह्यभटक्या

वाचताना आपले नाशिककडचे किल्ले आठवले. १८१८ नंतर इंग्रजांनी तिथल्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, पुन्हा कुणी वर बसू नये म्हणून. तिथे हेतू लष्करी होता, इथे घरबांधणीचा. तरीही कातळात कोरलेली टाकी आपल्याकडे टिकली, कारण ती उचलून नेता येत नाहीत.

त्यावरून प्रश्न पडला. या होहेनश्टाउफेनसारख्या डोंगरावर पाण्याची सोय काय असायची? चुनखडीत पाणी ठरत नाही ना?

चुनखडी

सह्यभटक्या, नेमका प्रश्न. चुनखडी फटींमधून पाणी गिळते, म्हणून अशा माथ्यांवर झरा मिळणं दुर्मीळ. या एका किल्ल्याबद्दल नाही, एकूण पद्धतीबद्दल सांगतो. विहीर खणायची तर ती पार खालच्या न झिरपणाऱ्या थरापर्यंत न्यावी लागे. ते फार खर्चिक, राजेरजवाड्यांनाच झेपणारं. बाकीचे छपरावरचं पावसाचं पाणी धरत.

त्यात एक हुशार प्रकार होता. मोठा खड्डा खणायचा, आतून चिकणमातीने लिंपायचा म्हणजे पाणी बाहेर जात नाही. मधोमध दगडांची कोरडी विहीर रचायची. तिच्या भोवतालचा सगळा खड्डा वाळू आणि बारीक गोट्यांनी भरायचा. छपराचं पाणी या वाळूत सोडायचं. ते गाळून गाळून मधल्या विहिरीत येतं आणि तिथून बादलीने उपसायचं. पडका किल्ला शोधताना माथ्यावर गोल खोलगट जागा आणि तिच्या आसपास डोंगराच्या जातीशी न जुळणारे नदीतले गोटे दिसले, तर तिथे असं टाकं असण्याची शक्यता बरीच. ते गोटे कुणीतरी खालून वर वाहून आणलेले असतात.

पानगळ

मी याच भागात राहते. होहेनश्टाउफेनवर निदान पाया तरी दिसतो. वाइलहाइम गावाजवळची लिंबुर्ग टेकडी बघा. तिथे त्सेरिंगर घराण्याचा किल्ला होता, पहिला बेर्टोल्ड १०७८ मध्ये तिथेच वारला. आज वर गवत आहे, बस्स. कुणी सांगितलं नाही तर कळणारही नाही की इथे ड्यूक राहत होते.

अशा जागा जंगलात असतील तर डोळ्यांपेक्षा विमानातून केलेली लेसर मोजणी जास्त दाखवते. विमानातून लेसरचे लक्षावधी झोत सोडतात. काही पानांवर आपटून परततात, काही फांद्यांमधून वाट काढत जमिनीपर्यंत पोचतात. नुसते जमिनीवरून परतलेले वेगळे काढले की झाडं पुसली जातात आणि उघडा डोंगर समोर येतो. पानं झडलेली असताना मोजणी केली तर आणखी स्पष्ट. त्यावर संगणकात एका बाजूने तिरपा उजेड टाकला की हातभर उंचवट्याचीही सावली पडते. खंदक, बांध, जुनी गाडीवाट, सपाट केलेली जोती, सगळं दिसतं. बऱ्याच जर्मन राज्यांच्या भूमापन खात्यांनी ही माहिती खुली केली आहे, घरबसल्या बघता येते. डोंगराच्या सोंडेवर किल्ला असेल तर मागच्या डोंगरापासून सोंड तोडणारा आडवा खंदक बहुतेक वेळा पहिल्यांदा नजरेत भरतो. सगळे दगड नेले तरी कातळात खणलेला खंदक कोण नेणार?

एक कळकळीची विनंती. ही माहिती बघून कुणी धातुशोधक यंत्र घेऊन जाऊ नये. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये, म्हणजे इथल्या राज्यात, परवानगीशिवाय असा शोध घेणं बेकायदा आहे, आणि महत्त्वाची पुरातन वस्तू सापडली तर ती सरकारची असते. कायदा बाजूला ठेवला तरी, बाणाचं एक टोक उपटून घरी नेलं की ते कुठल्या थरात होतं हे कायमचं जातं. मग ते नुसतं गंजकं लोखंड.

रानवाऱ्यावर

शेतकऱ्यांचा उल्लेख सगळीकडे 'जाळणारे' एवढाच येतो, म्हणून त्यांच्या बाजूने लिहितो.

मार्च १५२५ मध्ये मेमिंगन शहरात त्यांनी आपल्या मागण्यांची बारा कलमं लिहून छापली. गावाला आपला धर्मगुरू निवडता यावा, भूदासपण रद्द व्हावं, जंगलातलं लाकूड आणि नदीतले मासे सगळ्यांना मिळावेत, वेठ आणि खंड वाजवी असावा. आज वाचलं तर यातलं काहीही अवाजवी वाटत नाही. किल्ला म्हणजे त्यांच्यासाठी इतिहास नव्हता. तिथे वसुली करणारा बसायचा आणि कुणाकडून किती येणं आहे त्याची कागदपत्रं राहायची. म्हणून उठावात किल्ले आणि मठ पेटले. लोर्शचा मठही त्याच लाटेत जळला.

वाइन्सबेर्गला त्यांनी सरदारांना भाल्यांच्या रांगेतून पळवत मारलं, तेही खरं, आणि ते झाकायचं कारण नाही. पण १२ मे ला ब्योब्लिंगनच्या लढाईत त्यांची जी कत्तल झाली तिचं स्मरण किती जणांना असतं? किल्ला पाडल्याचा ठपका शेतकऱ्यांवर कायमचा बसला आणि जो ड्यूक दगड घेऊन गेला त्याचं नाव वाड्याचा निर्माता म्हणून आदराने घेतलं जातं. धागाकर्त्यांनी हे उलगडून दाखवलं याचं मला मोल वाटतं.

गवतफुला

रानवाऱ्यावर, हा विचारच केला नव्हता. धन्यवाद.

पण मग आता तरी किल्ला परत बांधावा असं कुणालाच वाटत नाही का? तिथून थोड्या अंतरावर होहेनझोलर्न केवढा दिमाखात उभा आहे. मुलांना घेऊन गेलं की त्यांच्या डोळ्यांसमोर काहीतरी उभं राहतं. गुडघ्याएवढ्या भिंती बघून दहा वर्षांच्या मुलाला काय कळणार?

डोंगरवाटा

तुमची भावना समजते, तरीही माझा याला ठाम विरोध आहे. होहेनझोलर्न आज जो दिसतो तो १८५० ते १८६७ मध्ये बांधलेला आहे. मूळचा किल्ला १४२३ मध्ये वेढा पडून पाडला गेला, दुसरा बांधला तोही कालांतराने मोडकळीला आला. मग प्रशियाचा राजा चौथा फ्रेडरिक विल्यम याने आपल्या घराण्याच्या गौरवासाठी तिसरा उभारला. एकोणिसाव्या शतकातली इमारत म्हणून तो सुंदरच आहे. पण तिथे येणारी बहुतेक माणसं 'मध्ययुगीन किल्ला पाहिला' असं म्हणत परत जातात. जुन्या दोन किल्ल्यांचा मागमूस त्याखाली जवळपास गाडला गेला.

होहेनश्टाउफेनवर बांधायचं ठरवलं तर कशावरून बांधणार? धडधाकट किल्ल्याचं जुनं चित्र म्हणून एकच सांगितलं जातं, ग्योपिंगनच्या ओबरहोफेन चर्चमधलं पंधराव्या शतकातलं भित्तिचित्र. एका चित्रावरून आतल्या खोल्या, जिने, छपरं कशी काढणार? बाकी सगळं आपल्या मनचं होईल, आणि ते उभं करताना जमिनीत शिल्लक असलेला खरा पुरावा खणला जाईल.

मुलांना उभं काही दाखवायचं असेल तर फ्रान्समध्ये बरगंडीत गेदेलाँ आहे. तिथे १९९७ पासून तेराव्या शतकाच्या पद्धतीने नवा किल्ला बांधतायत, रिकाम्या जागेवर, जुन्या हत्यारांनी. दगड फोडणं, चुना मळणं, माणसाने आत चालून फिरवायच्या चाकाने ओझं वर चढवणं, सगळं समोर बघता येतं. शिकण्याचा हा मार्ग मला शंभर टक्के मान्य आहे, कारण त्यात कुठलाही जुना अवशेष पुसला जात नाही.

पानगळ

आणि मुलांसाठी एवढं लांबही जायला नको. होहेनश्टाउफेनच्या जवळच वेशनबॉयरनला वेशरश्लॉस आहे. तेराव्या शतकातला छोटासा किल्ला, पण त्याची दगडी भिंत अजून ताठ उभी आहे. चिरे जवळून बघा. प्रत्येकाच्या चारी कडांना छिन्नीने सपाट पट्टी काढली आहे आणि मधला भाग मुद्दाम फुगीर, ओबडधोबड ठेवला आहे. ऊन तिरपं पडलं की सगळी भिंत खडबडीत, अंगावर आल्यासारखी दिसते. सम्राटांचा किल्ला गेला आणि चाकरीतल्या सरदाराचा राहिला!

चुनखडी

या फुगीर चिऱ्यांबद्दल एक पुरवणी. काहींच्या फुगवट्यावर मधोमध अंगठा जाईल एवढा खळगा असतो. दगड उचलायच्या लोखंडी चिमट्याचं टोक तिथे बसायचं. असा दगड एखाद्या नंतरच्या काळातल्या वाड्याच्या किंवा कोठाराच्या भिंतीत, त्यातही आडवा किंवा उलटा बसवलेला दिसला, तर तो दुसरीकडून आणला असण्याची शक्यता खूप. फक्त खबरदारी अशी की पुन्हा वापरताना गवंडी बहुतेक वेळा फुगवटा तासून टाकत. तेव्हा खळगा नाही म्हणून दगड नवा, असं समजू नये.

सह्यभटक्या

पुढच्या उन्हाळ्यात कामानिमित्त स्टुटगार्टला असेन. एक दिवस हाताशी मिळाला तर कसं फिरावं?

डोंगरवाटा

सह्यभटक्या, माझा सल्ला: डोंगरापासून सुरुवात करू नका. स्टुटगार्ट-उल्म रेल्वेवर ग्योपिंगनला उतरा आणि आधी राजवाडा बघा. तिथे आता न्यायालय आहे, त्यामुळे कामाचा दिवस निवडलेला बरा. आत द्राक्षवेलींचं कोरीवकाम असलेला दगडी गोल जिना आहे, तो चुकवू नका. पण त्याआधी बाहेरच्या भिंतीपाशी थोडं थांबा, तुम्ही त्यासाठीच आला आहात. मग ओबरहोफेन चर्चमधलं ते भित्तिचित्र, दार उघडं असेल तर.

तिथून होहेनश्टाउफेन गावात जा. चर्चजवळ श्टाउफर इतिहासाचं छोटं प्रदर्शन आहे, किल्ल्याचा नकाशा डोक्यात बसवून घ्या आणि मगच चढा. वाट चढाची आहे पण आपल्याकडच्या गडांची सवय असलेल्याला जड नाही. माथ्यावर पायाच्या भिंतींच्या कडेकडेने चालत एक फेरी मारा. समोर रेशबेर्गचा पडका किल्ला दिसेल. तो १५२५ मधून वाचला आणि १८६५ मध्ये वीज पडून जळला. त्याच्या भिंती मात्र कुणी उतरवल्या नाहीत, म्हणून तो एवढ्या लांबून ओळखू येतो. दोन्ही डोंगर जळालेले, एकावर किल्ला दिसतो आणि एकावर नाही.

वेळ उरला तर वेशरश्लॉस. ते वर्षभर उघडं नसतं, दिवस आणि वेळ आधी बघून घ्या.

सह्यभटक्या

मनापासून आभार. राजवाड्याच्या भिंतीत चुनखडींनी सांगितलेला खळगा शोधतो. सापडला तर फोटो इथेच टाकतो.

चुनखडी

जमल्यास फोटोत शेजारी काहीतरी मापाला ठेवा, आणि जमिनीपासून कितव्या थरात आहे तेही लिहा.